डावखुरा पीळ

बोट बुडाली तेव्हा दादा तीन दिवस सासुरवाडीला होता. परत येऊन धक्क्यावर उभा राहिला आणि माझ्याकडे बघत पहिलं वाक्य काय बोलला, तर ‘वायरिंग हिनं केलंय.’ वीस माणसांसमोर. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, पण चोर कोण ते तेव्हा मलाही कुठं माहीत होतं.

बोट बाबांची. जुनी, लाकडी, माणसं या काठावरून त्या काठावर नेणारी. बाबांचे गुडघे गेल्यापासून दादा चालवतो. बोटींचं वायरिंग मी बाबांकडून शिकले आणि गेली वीस वर्षं त्यावरच जगते. बाईमाणूस तारा जोडणार म्हटल्यावर लोक हसायचे. मग हसायचे थांबले, कारण मी लावलेले दिवे लागायचे आणि लागलेलेच राहायचे.

जुनी बोट म्हणजे पाणी आत येणारच. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बुडातून बाहेर जातो, तिथून थेंब थेंब गळतं. म्हणून तळाशी पंप असतो आणि शेजारी फ्लोट. पाणी चढलं की फ्लोट उचलला जातो, पंप आपोआप सुरू होतो. या पंपाची तार मेन स्विचमधून घ्यायची नसते. ती थेट बॅटरीवरून घ्यायची, मध्ये तिचा वेगळा फ्यूज. माणूस मेन स्विच बंद करून घरी जातो, पाणी काही त्याच्याबरोबर घरी जात नाही. बाबांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट.

सहा महिने दादाची एकच कुरकुर, सकाळी बॅटरी मेलेली असते. मी सांगितलं, अरे, गळती वाढलीय, पंप सारखा चालतो म्हणून बॅटरी उतरते. दांड्याचं पॅकिंग बदल. हो म्हणाला. त्यासाठी बोट आठवडाभर वर काढून ठेवावी लागते, एवढा धीर त्याला कुठला. मग एक दिवस कुरकुर थांबली. मला वाटलं, बदललं वाटतं पॅकिंग. विचारायला हवं होतं. ती माझी चूक, आणि माझी तेवढीच.

दादा धक्क्यावर बोलला त्याच दुपारी एका बोटवाल्याचा फोन आला, ‘ताई, सध्या राहू द्या, नंतर बघू.’ दुसऱ्यानं फोनही केला नाही, त्याच्या बोटीत ठेवलेली माझी हत्यारांची पेटी परस्पर घरी पाठवून दिली.

दोन दिवसांनी बोट क्रेननं वर काढली. मी आत उतरले. सगळीकडे चिखल आणि डिझेल. पंपाची लाल तार माझ्या जागेवर नव्हतीच. बॅटरीवरून सोडवून मेन स्विचवर नेलेली. म्हणजे दादानं स्विच बंद केला तेव्हा पंपही बंद केला. एका रात्रीचं पाणी निभायचं, तीन दिवसांचं निभलं नाही. बॅटरी टिकली, बोट गेली. जखम मांडीला, मलम शेंडीला. आणि जोड तरी कसा? नुसता पीळ, वर काळी टेप. मी जन्मात असा जोड दिलेला नाही. तेवढा तुकडा कापला आणि तडक बाबांकडे गेले. लोक गेले खड्ड्यात. हे माझं काम नाही, हे बाबांना कळायला हवं होतं.

बाबा खिडकीशी मिक्सर उघडून बसले होते. त्यांनी तुकडा घेतला, टेप नखानं सोडवली, तांब्याच्या तारा उजेडात धरल्या.

‘उलटा पीळ आहे,’ म्हणाले. ‘डावखुऱ्या हाताचा.’

घरात डावखुरा एकच, आमचा दादा. मला रडूच आलं.

‘मला ठाऊक होतं,’ बाबा म्हणाले. ‘तू असलं करणार नाहीस.’

‘मग सांगा ना लोकांना.’

बाबांनी टेप होती तशी परत गुंडाळली. ‘लोक त्याच्या हातात जीव देऊन बसतात. त्याचं नाव गेलं तर बोटीत चिटपाखरू बसायचं नाही. तुझ्यावर जाऊ दे.’

‘आणि माझं काम?’

‘तू हुशार आहेस, कुठंही उभी राहशील. त्याला दुसरं येतं काय?’

आयुष्यभर या माणसाच्या तोंडून ‘हुशार’ ऐकायला माझे कान आसुसले होते. ऐकायला मिळालं ते असं. मी म्हणाले, उद्या धक्क्यावर मी सगळं सांगणार. त्यांनी मिक्सर पुढं ओढला. तुकडा मात्र त्यांनी परत दिला नाही.

सकाळी मी पोचले तर बाबा माझ्या आधी तिथं हजर. दोन वर्षांत उंबरठा न ओलांडलेला माणूस काठी टेकत आलेला. भोवती माणसं जमलेली. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, ‘पोरीच्या हातून चूक झाली. मीच शिकवलंय तिला, तेव्हा माझीही समजा.’

कामाच्या बाबतीत बाबा खोटं बोलल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्यामुळे सगळ्यांना लगेच पटलं. म्हाताऱ्या बापाला चारचौघांत खोटं पाडायला हवं होतं मी. जीभच उचलली नाही.

दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘जाऊ द्या, बाबा. लहान आहे ती.’

मी बेचाळीस वर्षांची आहे. तिकीटवाला म्हणाला, भाऊ असावा तर असा, केवढी चूक पोटात घातली. कुणीतरी विचारलं, मग आता नवं वायरिंग कोण करणार?

‘हीच करेल की,’ दादा म्हणाला. ‘या वेळी मी शेजारी उभा राहून लक्ष ठेवीन.’

बाबांनी मान डोलावली.