एक्केचाळीस नंबरचा फॉर्म

शेवटचे दोन आकडे पुसलेला मापाचा टेप.

खोकल्याच्या औषधाची बाटली. तळाशी बोटभर, मुदत उलटलेली.

टेबलाभोवती सहा खुर्च्या.

सहावी शिंपीणबाईंची. गल्लीच्या तोंडाशी सूतगिरणी, म्हणून गल्ली खोकते. संशोधन केंद्राने या वेळी ठरवलं की खोकल्याच्या पाहणीचे प्रश्न डॉक्टरांनी एकट्याने लिहायचे नाहीत. तीन डॉक्टर, तीन गल्लीतले, प्रत्येकाला एक मत. गल्लीकडून गिरणीचा निवृत्त फोरमन, दूधवाली आणि या बाई.

बाईंना एकच प्रश्न हवा होता, एकोणिसावा : खोकल्याचं सगळ्यात आधी कोणाला सांगितलंत?

"हे मोजायचं कसं?" मोठे डॉक्टर म्हणाले.

"माप घेताना माणूस श्वास रोखतो," बाई म्हणाल्या. "ते धरून कापलं नाही, तर पहिल्याच दिवशी शिवण उसवते. टेपवर ते कुठे दिसतं?"

चार विरुद्ध दोन, प्रश्न राहिला. धाकटी डॉक्टर बाईंच्या बाजूने गेली.

मग गल्लीतले तिघे फॉर्म घेऊन दारोदार.

"आल्या डॉक्टरीणबाई," नळावरची वहिनी म्हणाली. "आता आमचा खोकलापण बेतणार?"

"बेतते. घट्ट झाला तर सैल करून देईन."

वहिनी हसली, फॉर्म भरला. पुढच्या आठवड्यात तिने कपडे दुसरीकडे शिवायला टाकले. बाकीच्यांनीही. जिला सगळ्या घरांतलं ठाऊक, तिच्यापुढे मोकळं कोण बसणार? मशीनवर चादर पडली. केंद्रात बाई गल्लीच्या, गल्लीत केंद्राच्या. अधल्या ना मधल्या.

बहात्तर घरं. फॉर्म आले एकाहत्तर.

"एक्केचाळीस राहिला," धाकटी डॉक्टर बैठकीत म्हणाली.

फोरमनला वाटलं होतं दूधवालीने भरला. दूधवालीला वाटलं होतं फोरमनने.

"ते माझं घर," बाई म्हणाल्या. स्वतःचा फॉर्म स्वतः भरायचा नाही, हा नियम त्यांनीच मांडला होता.

"सोडून देऊ," मोठे डॉक्टर म्हणाले. "एकाने काय फरक पडतो?"

दुपारी धाकटी डॉक्टर घरी आली. बसायला दुसरं काही नव्हतं, मशीनच्या स्टुलावर बसली. घरात किती माणसं? एक. चूल कसली? गॅस. असं करत अठरावर आली.

"खोकला?"

"आहे."

"किती दिवस?"

"दोन महिने होतील."

डॉक्टरचं पेन थांबलं. बैठकीत दोन खुर्च्या सोडून ती बसायची. तिने बाईंचा खोकला कधी ऐकला नव्हता.

"एकोणीस," ती हळूच म्हणाली. "सगळ्यात आधी कोणाला सांगितलंत?"

बाईंनी मशीनवरची चादर सारखी केली.

"लिहा. तुम्हाला. आत्ता."

डॉक्टरने लिहिलं. मग फॉर्म बाजूला ठेवून म्हणाली, "उद्या सकाळी दवाखान्यात या. मी दाराशी थांबते."

बाईंचा नवरा गेला तेव्हा त्याचा खोकला सात महिन्यांचा होता, आणि बाईंना तो दवाखान्याच्या कागदावरून कळला.