डावीकडून कापलेला फोटो

विषय : चर्चच्या दक्षिण भिंतीलगतची एका महिलेची कबर नव्या दफनभूमीत हलवण्याबाबत.
संदर्भ : मृत महिलेच्या धाकट्या मुलीचा अर्ज. सोबत पुरावा म्हणून फोटो एक.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करतो की, वरील ‘फोटो एक’ म्हणजे मीच बोलतोय. फोटोने बोलायची पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्यातली माणसं एकेक करून बोलायची थांबली, आणि जी एक उरली आहे तिचं कुणी ऐकून घेत नाही. तेव्हा नाइलाज आहे.

माझा जन्म चर्चच्या आवारात, भर दुपारी झाला. कबरीवर दगड बसवून नुकताच झाला होता. फोटोवाल्याने काळ्या कापडात डोकं घातलं आणि सवयीने म्हणाला, “हसा जरा!” मग त्याने जीभ चावली. पण थोरला मुलगा तेवढ्यात हसून मोकळा झाला होता. आईच्या कबरीशेजारी हसला म्हणून त्याने पुढे जन्मभर टोमणे खाल्ले. माझ्यात तो अजून हसतोच आहे.

मधोमध बाबा, हातात टोपी. त्यांच्या पुढ्यात थोरला. शेजारी मावशी, तिच्या कडेवर दुपट्यात गुंडाळलेली धाकटी. अगदी उजवीकडे मावशीचे यजमान, पोट आत ओढून. आणि अगदी डावीकडे, भिंतीतल्या खिडकीखाली, नावाचा नवा कोरा दगड. आई.

तिचा दुसरा फोटो नाही. घरात फोटो होते, नव्हते असं नाही. गावच्या पुलावर बाबा आहेत. कारखान्याच्या फाटकासमोर सगळ्या कामगारांसोबत बाबा आहेत. गल्लीच्या एका फोटोत एका दारातून कुणाचं तरी कोपर बाहेर आलेलं आहे. धाकटीच्या मते ते आईचं. पण तिने आईला पाहिलं होतं कुठे? थोडक्यात, आईचा म्हणून जो काही फोटो होता तो मी, आणि माझ्यातही ती जमिनीखाली होती.

बरीच वर्षं मी पत्र्याच्या डब्यात काढली. मग कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी निवृत्त होताना प्रत्येक कामगाराला एक भेट दिली. काय, तर स्वतःचाच फोटो, चांगल्या सागवानी फ्रेममध्ये. बाबांनी तो आठवडाभर भिंतीवर ठेवला. मग म्हणाले, “दिवसभर तिथे यांचं तोंड बघायचं, आणि घरी येऊन पुन्हा तेच?” त्यांनी मला डब्यातून काढलं. पण साहेब उभे होते आणि मी आडवा.

बाबा लेथवर काम करायचे. मोजमापात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पट्टी ठेवली, रेघ मारली, आणि सुतासारखा सरळ मी दोन्हीकडून कापला गेलो.

मावशी कळवळली. “अहो, तिकडे ती आहे ना!”

“ती कुठे जातेय? ती आहे तिथेच आहे. पोरांची तोंडं तरी नीट दिसू देत.”

उजवीकडचा तुकडा मावशीच्या यजमानांनी मागून घेतला. “सासरवाडीने मला कापलं हो!” असं म्हणत ते तो सगळ्यांना दाखवत फिरले. डावीकडचा तुकडा कुणी मागितला नाही. सकाळी केरात गेला.

मग मी भिंतीवर लागलो. आधी बाबांच्या, मग थोरल्याच्या, शेवटी धाकटीच्या. पाहुणे विचारायचे, “हे कोण?” घरातले सांगायचे. पाहुणे “हो का!” म्हणायचे आणि चहा घ्यायचे. माणसं फोटोकडे बघतात ती पुष्कळदा चहा यायला उशीर आहे म्हणून.

दरम्यान चर्चच्या आवारात गवत माजलं. दगड खचले, काही उचलून नेले गेले. आईचाही गेला. आणि मग रस्ता रुंद करायचं ठरलं. ज्यांचे नातेवाईक कबरीच्या जागेचा पुरावा देतील त्यांचे अवशेष नव्या दफनभूमीत हलवणार, बाकीचे सगळे एकाच खड्ड्यात. नव्या दफनभूमीत बाबा आहेत आणि त्यांच्या शेजारची जागा रिकामी आहे. आईला तिथे न्यायचं, धाकटीने मनाशी पक्कं केलं.

थोरल्याचा मुलगा आला. त्याने सगळे फोटो टेबलावर मांडले आणि मला भिंग लावलं.

“आत्या, इथे खिडकीच अर्धी आहे. पुढे काहीच नाही.”

“कड आत दुमडली असेल. फ्रेम उघड.”

उघडली. माझ्या पाठीमागे मोठे साहेब निघाले, मिशांसकट, ताजेतवाने. इतकी वर्षं आम्ही पाठीला पाठ लावून होतो. आत्या हसायला लागली. हसता हसता तिने माझी डावी कड बोटाने चाचपली, पुन्हा चाचपली, आणि मग ती हसायची थांबली.

“बाबांचं काम,” ती म्हणाली. “किती सरळ कापलंय बघ.”

मावशीचं घराणं शोधून झालं. त्यांच्याकडे यजमानांचा तुकडा जपून ठेवलेला आहे. शेवटी माझ्या एकट्याच्या भरवशावर अर्ज गेला.

“यात कबर कुठाय, बाई?” कारकुनाने विचारलं. माणूस वाईट नव्हता. त्याने मला उजेडात धरूनही पाहिलं.

“या खिडकीच्या खाली. डावीकडे.”

“डावीकडे माझा अंगठा आहे.”

“त्याच्या जरा पलीकडे.”

त्याने अंगठा उचलून पाहिला. “मूळ फोटो जोडून जा. वर पाठवतो.”

“परत मिळेल ना?”

“निर्णय झाला की.”

तेव्हापासून मी फाइलमध्ये आहे. टाचणी बाबांच्या खांद्यातून आरपार गेली आहे. वर एका दुकानाच्या पाटीचं प्रकरण आहे, खाली एका झाडाचं. आधी आत्या स्वतः चौकशीला यायची, बाकावर बसून राहायची. आता भाचा येतो. “तिला जिना चढवत नाही,” तो सांगतो. कारकून मान हलवतो.

माझं मागणं कुणी विचारलेलं नाही, तरी सांगून ठेवतो. फोटो फ्रेममध्ये मावत नसेल तर फ्रेम बदला. कडेला जे उभं असतं, ते बिनकामाचं असतं असं नाही.

सद्यस्थिती : चर्चच्या फाटकाकडून रस्त्याचे काम सुरू झाले असून दक्षिण भिंत पाडण्यात आली आहे. तेथील अवशेष नियमानुसार एकत्र करण्यात आले. अर्जावर निर्णय प्रलंबित आहे.