बंद फर्मवेअर म्हणतं, ‘झालं’

प्रबोधला पुण्याच्या कंपन्यांनी एकच विद्या शिकवली होती: साहेबाला नाही म्हणायचं नाही. काम झालं? झालं. मग जीव तोडून ते करत बसायचं. सिंगापूरला येताना लोणच्याबरोबर त्याने ही खोडही बॅगेत भरून आणली.

इथे तो बंदरावरच्या क्रेनसाठी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायचा. क्रेन चालताना कर्नलने फर्मवेअरला, म्हणजे मशीनमध्ये आधीच बसवलेल्या सॉफ्टवेअरला, काही विचारलं की ते रमतगमत उत्तर देई. म्हणून त्याच्या सेवा मुद्दाम बंद ठेवल्या होत्या. तरी कर्नल सवयीने हाक मारायचा, तिकडे कोणीच नसायचं आणि अख्खं मशीन आडवं व्हायचं. शुक्रवारच्या डेमोआधी हे निस्तरलं नाही तर प्रोबेशनवरची नोकरी जाणार आणि नोकरीबरोबर इथे राहायचा पासही. बायको ऋचा आणि सेम्बावांगच्या शाळेत नुकती रुळलेली लेक आर्या, सगळं बिऱ्हाड उचलून परत.

प्रबोधने शक्कल लढवली. सेवा बंद असेल तर हाक मारायचीच नाही, वर काम सांगणाऱ्याला ‘झालं’ असं कळवायचं. मशीन पडेना. स्वारी खूश.

त्याच्या मॅनेजर नीलिमा मॅडम ऑफिसात इंग्रजी बोलायच्या. त्या मराठीवर आल्या की धडगत नसायची. गुरुवारी दुपारी त्या मराठीवर आल्या.

"अरे, मी नवी सेटिंग सेव्ह केली. तुझा कर्नल म्हणाला, झालं. रीस्टार्ट केलं तर जुनीच. ती वजनाची मर्यादा असती तर?"

प्रबोधच्या लक्षात आलं: गाढवाने कर्नलही स्वतःसारखाच थापाड्या घडवला होता. संध्याकाळपर्यंत त्याने उत्तर बदललं: सेवा बंद आहे, जमणार नाही. मग सेटिंग डिस्कवर ठेवायची सोय केली.

शुक्रवारी डेमोचे पाहुणे लिफ्टमध्ये असताना मॅडमनी विचारलं, "फर्मवेअरला हाक मारणाऱ्या कोडमधल्या सगळ्या जागा तपासल्यास ना?"

‘हो’ अगदी जिभेवर आलं होतं.

"नाही, मॅडम. मशीन बंद करतानाची राहिलीय. तिथे अजून पडेल."

मॅडमनी ड्रॉवर उघडला. मग त्यांनी मशीनच्या बटणावर चिकटपट्टी लावली.

"आज कोणी बंद करायचं नाही. सोमवारी कायम झालास की पहिलं हे काम."

तेवढ्यात ऋचाचा फोन आला. "डेमो झाला का रे?"

"नाही झाला," प्रबोध म्हणाला. "पण आपण इथेच राहतोय."