शब्दकोशातल्या अक्षता

मित्रांनो, मला हातात घेण्याआधी तुमचे हात एकदा मला दिसू द्या. राग मानू नका. मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे आणि माझा खालचा कोपरा जळलेला आहे. ज्याच्या अंगाला एकदा आग लागली, तो कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही.

माझा जन्म गिरगावातल्या एका छापखान्यात झाला. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून माझी पानं छापली, दोऱ्याने शिवली आणि पाठीला लाल कापड चिकटवलं. प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे त्याचा उच्चार देवनागरीत दिला होता, ही माझी मोठी शान. श्यामकांत नावाच्या तरुणाला फोर्टातल्या कचेरीत नोकरी लागली, त्या आनंदात त्याने मला घाटकोपरच्या चाळीतल्या आपल्या घरी आणलं. पुढे त्याचं लग्न झालं आणि मी त्याच्या बायकोच्या, वसुधाच्या हाती आलो. ती मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाली होती आणि दसऱ्यानंतर पुन्हा बसणार होती. शब्द सापडला की ती मला हळूच थोपटायची. कौतुक म्हणाल तर तेवढंच, पण मला ते पुरायचं.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे श्यामकांतची आई, जानकीबाई. पहाटे स्नान, तुळशीला पाणी, मग पोथीचा अध्याय. चातुर्मास लागला की त्या कांदा-वांगं सोडायच्या, आणि सकाळी देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत मौन धरायच्या. मौन म्हणजे मौन. दूध उतू गेलं तरी तोंडातून शब्द निघायचा नाही.

त्या वर्षी नवराबायको संध्याकाळी गॅलरीत उभी राहून इंग्रजीत बोलू लागली. सरावासाठी, असं वसुधा म्हणायची. पण सराव कुणी इतक्या दबक्या आवाजात करतं का? मी आत फळीवर, जानकीबाई चुलीपाशी. आमच्यापर्यंत अख्खं वाक्य काही यायचं नाही. दोनच शब्द पुन्हापुन्हा यायचे, 'गिव्ह अप'. श्यामकांत ते म्हणायचा आणि आत आईकडे बघायचा. वसुधा मान हलवायची आणि तीही आत बघायची.

मला वाटलं, हे मला रद्दीत देणार. त्या दोन शब्दांचे सगळे अर्थ मला पाठ, त्यामुळे माझी भीती अंमळ जास्तच. जानकीबाईंना वाटलं, हे आपल्याला गावी नेऊन सोडणार. गावच्या घराला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे हेसुद्धा त्यांना नक्की ठाऊक नव्हतं. सरळ विचारावं, तर तो त्यांचा स्वभाव नव्हता.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण स्टेशनच्या पाटीवर घाटकोपर हे नाव दोन्ही लिप्यांत लिहिलेलं होतं. 'गिव्ह'चंही अक्षर तेच असणार म्हणून त्यातलं पहिलं इंग्रजी अक्षर त्यांनी डोळ्यांत धरून घरी आणलं. दुपारी वसुधा शिकवणीला गेली की त्या हात धुऊन मला खाली काढायच्या, पाटावर ठेवायच्या आणि त्या अक्षराच्या पानांवरचे मराठी उच्चार बोटाने वाचत जायच्या. रोज एकच पान. नेमच धरला होता त्यांनी तो. पान दुमडणं त्यांना पाप वाटे, म्हणून खुणेला त्या पूजेच्या तबकातल्या चार अक्षता ठेवायच्या. बोटाची हळद माझ्या कडेला लागायची.

एके दिवशी वसुधाने मला उघडलं आणि तांदूळ तिच्या मांडीवर सांडले. दुसऱ्या दिवशी पुढच्या पानात पुन्हा तेच. तिचा चेहरा मी जवळून पाहिला. तिने शेजारच्या सुगंधाबाईंना बोलावून दाखवलं.

"ह्यां काय बरां नाय गो," सुगंधाबाई मला हात न लावता म्हणाल्या. "तांदूळ, हळद. कोणीतरी करणी केलेली आसा. आणि बाहेरचो कोण येतलो तुझ्या फळीपर्यंत?"

"म्हणजे घरातलंच?"

"मी कोणाचां नाव घेतलंय? चुलीत घाल तां पुस्तक, नि मोकळी हो."

त्या दिवसापासून वसुधाने सासूच्या हातचा चहा सोडला. "पित्त होतं," असं ती म्हणायची. जानकीबाई मौनातच कप तिच्यासमोर ठेवायच्या आणि वसुधा तो गुपचूप मोरीत ओतायची. ओतताना जानकीबाईंनी तिला पाहिलं होतं, ते मला फळीवरून दिसलं. त्यांचा संशय आणखी पक्का झाला. दोघींच्या मध्ये मी, आणि दोघी माझ्याकडे वाकड्या नजरेने बघणार. अभ्यास तर थांबलाच होता. मला उघडायलाच वसुधा भिऊ लागली होती.

मग एका दुपारी जानकीबाईंचं बोट 'गिव्ह'वर थांबलं. त्याखाली बारीक अक्षरांत 'गिव्ह अप' होतं. त्यांनी अर्थ वाचले. 'टाकणे' या शब्दावर त्या बराच वेळ थांबल्या. मग अक्षता तिथेच ठेवून त्यांनी मला मिटलं. मला बोलता आलं असतं, तर किती बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटला होता. श्यामकांत भाजी आणायला गेला होता. वसुधाने मला फळीवरून ओढलं, बंबापाशी नेलं आणि खालच्या तोंडातून निखाऱ्यांत ढकलायला लागली. माझा कोपरा चरचरला.

"थांब."

नैवेद्य अजून व्हायचा होता. वसुधाचा हात होता तिथेच राहिला.

"आई, तुम्ही बोललात?"

"आधी ते बाहेर काढ. पेटलंय."

वसुधाने मला काढून ओल्या फरशीवर दाबलं, पण हातातून सोडलं नाही. "यात अक्षता तुम्हीच ठेवता ना?"

"मीच."

"का पण? मी पुन्हा नापास व्हावं म्हणून?"

जानकीबाई तिच्यासमोर खाली बसल्या. "अगं, खूण म्हणून ठेवते. पान कसं दुमडू? तुम्ही रोज माझ्याकडे बघून 'गिव्ह अप', 'गिव्ह अप' करता. त्याचा अर्थ शोधत होते."

"सापडला?"

"काल सापडला. सोडणे, टाकणे, हवाली करणे, नाद सोडणे, आशा सोडणे. पण कुणाला सोडणार, ते काही तुझ्या पुस्तकात लिहिलेलं नाही."

वसुधाने पदराने माझा जळका कोपरा पुसला. मग हळूच म्हणाली, "हे परीक्षा सोडायला सांगतायत मला. म्हणतात, आईच्यानं आता दोन वेळचं रांधणं होत नाही, तू घर बघ. तुम्हाला कळलं तर तुम्ही मनाला लावून घ्याल, म्हणून इंग्रजीत."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी नाही म्हणते. म्हणून तर रोज भांडण."

"भांडायचंय तर मराठीत भांडा. मला पण दोन शब्द घालता येतील."

दारात सुगंधाबाई डोकावल्या. "काय गो, जाळलंस?"

"सुगंधा, तुझं पाणी भरून झालं का?" जानकीबाईंनी विचारलं. दारातली सावली सरकली.

"तुमचं मौन मोडलं माझ्यापायी," वसुधा म्हणाली.

"आज उपास करीन. देव समजून घेईल." त्या उठल्या, पातेलं चुलीवर ठेवलं आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "चहा टाकते. घेशील?"

वसुधाने दोन कपबश्या मांडल्या. चहा आला, तसा तिने बशीत ओतला आणि एका घोटात संपवला. जीभ भाजली असेल.

संध्याकाळी श्यामकांत कचेरीतून आला. जानकीबाईंनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "मी दमले, हे तुला कुणी सांगितलं रे?" तो मराठीतच गप्प बसला.

वसुधा परीक्षेला बसली आणि पास झाली, फार गुण मिळाले नाहीत तरी. दुपारी दोघी माझ्यावर वाकून बसायच्या. जानकीबाईंच्या चष्म्याला हळद लागलेली असायची.

मित्रांनो, माझी पानं कोरड्या हातांनी उलटा, ती दुमडू नका आणि मला विस्तवाजवळ नेऊ नका. एवढं माझ्यासाठी करा. आणि तुमच्यासाठी म्हणून सांगतो, शब्दाचा अर्थ मला विचारा, पण माणसाच्या मनातलं त्या माणसालाच विचारा. जानकीबाईंच्या खुणेची एक अक्षता अजून माझ्या शिवणीत अडकली आहे. सापडली तर काढू नका.