गाडीला लागलेली उष्टी हळद

माझ्या मोठ्या भावाला, गोपालदादाला, ऊर्जानगरच्या क्वार्टरसमोर हळद लागली. त्याच्या अंगावरून उरलेली उष्टी हळद पितळी गडव्यात घालून सावली गावी नवरीकडे पोचवायचं काम माझ्याकडे आणि सुगंधाआत्याकडे आलं. ती पोचल्याशिवाय उर्वशीवहिनीला हळद लागणार नव्हती. काम सोपं होतं. अडचण एवढीच, की दादाने त्यासाठी स्वतःची गाडी दिली.

गाडी परदेशी, काळी, मोठी आणि म्हातारी. सकाळी सुरू केली की इंजिनातली साखळी डब्यातल्या चिल्लरसारखी खुळखुळायची. झाकणाखालून तेल पाझरायचं. चेक इंजिनचा पिवळा दिवा मेकॅनिक विझवायचा आणि मेकॅनिकची पाठ वळली की तो पुन्हा लागायचा. शेवटी आत्या गाडीत बसताना त्या दिव्याला नमस्कार करू लागली. या सगळ्याहून मोठा आजार म्हणजे तापणं. आतले पाईप, टाक्या सगळं प्लास्टिकचं, वर्षानुवर्षांच्या उन्हाने पापडासारखं झालेलं. दादा मात्र तिच्याजवळून जाताना तिच्या बोनेटवरून हात फिरवल्याशिवाय कधी गेला नाही.

साक्षगंधाच्या दिवशी ती अशीच तापली, आणि दादा स्वतःच्या साखरपुड्याला पोचला तेव्हा मंडपवाला खुर्च्या भरून नेत होता. वहिनी रागावली नाही. निघताना फक्त म्हणाली, "लग्नात ही मधात आली, तर मी मांडवात येणार नाई."

दादा हसला. वहिनी हसली नव्हती, हे मी पाहिलं होतं.

चिचपल्ली मागे पडली आणि दुपार झोपल्यासारखी झाली. सागाला पान नव्हतं. डांबरावर पुढे पाण्याचं तळं दिसायचं आणि आपण जवळ गेलो की ते अदबीने मागे सरकायचं. आत एसीचा गारवा, आत्याच्या मांडीवर गडवा, आत्या झोपलेली. आपण एखाद्या तलावाच्या तळातून चाललो आहोत असं मला वाटत होतं. तापमानाचा काटा हळूहळू वर चढत होता, पण इतक्या शांतपणे, की त्याला अडवणं मला बरं वाटेना.

मग गाडीने माझं ऐकणं बंद केलं. या गाड्यांचं असं असतं. फार तापल्या की आतला कॉम्प्युटर ठरवतो की आता ड्रायव्हरला विचारायचं नाही. मी पाय कितीही दाबला तरी ती बैलबंडीच्या चालीने चालली. मोहफुलाची टोपली घेतलेला एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. जाताना त्याने आत डोकावून पाहिलं, दवाखान्यात पाहतात तसं.

पुढच्या वळणावर बोनेटखालून पांढरा ढग निघाला आणि रस्त्यावर उभा राहिला. थोडा वेळ जंगल नव्हतं, गाडी नव्हती, काहीच नव्हतं. आत्या जागी झाली आणि तिने विचारलं, सावली आलं काय. मी म्हटलं, ढग आला.

इंजिन गार होईपर्यंत आम्ही एका मोहाखाली बसलो. मग मी कॅन घेऊन वनखात्याच्या पाणवठ्यावर गेलो. तिथे चितळं पाणी पीत होती, म्हणून मी नंबर लावून उभा राहिलो. त्यांचं झाल्यावर मी भरलं. रेडिएटरमध्ये ओतलं तर जितकं वरून गेलं तितकंच खालून आलं. बाजूला बारीक चीर होती. पाण्याची धार रस्त्यावर गेली आणि तिच्यावर पिवळी फुलपाखरं येऊन बसली. फार सुंदर दृश्य होतं. गाडी मरत होती.

आत्या बराच वेळ धारेकडे पाहत राहिली.

"रक्त चाललं ना तिचं," ती म्हणाली. "जखमेले काय लावतेत, प्रणित?"

मी गडव्याकडे पाहिलं. "आत्या, ते वहिनीचं आहे."

"मंग काय इथीच बसून राहतं? चिमूटभर टाकतो. हळद पोचलीच नाई तर चिमूट कोणाले मोजाची हाय?"

आत्याने दोन बोटांनी हळद घेतली आणि नवरीच्या कपाळाला लावावी तशी रेडिएटरच्या तोंडाला लावली. मग अजून थोडी आत सोडली. धार बारीक झाली. आत्याला हुरूप आला. तिने गडवा तिरपा केला, बांगडी अडकली, हाताला हिसका बसला, आणि सगळी हळद आत गेली.

धार थांबली. मी पुन्हा पाणी भरलं, गाडी सुरू केली. साखळीसुद्धा हळू वाजत होती.

"पाह्य, कशी लाजली नवरीसारखी," आत्या म्हणाली, आणि आपण काय बोललो हे कळून तिने तोंडाला पदर लावला. दादाची उष्टी हळद कोणाला लागली होती, हे त्या क्षणी आम्हा दोघांनाही समजलं. मूल गावापर्यंत आत्या रिकाम्या गडव्याची कड पदराने पुसत राहिली.

मूलला आत्याने किराणा दुकानापाशी थांबायला लावलं. पुडी घेऊ, कालवू, कोणाला कळते, असा तिचा विचार. मी इंजिन चालूच ठेवलं, कारण बंद केलं तर ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. आत्या रिकाम्या हाताने परत आली. दुकानातली हळद कोणाच्याच अंगाची नाही, एवढंच म्हणाली.

सावलीला जांभळाच्या डहाळ्यांचा हिरवा मांडव, खाली बायांचं गाणं. नाकातून पिवळी वाफ सोडत गाडी दारात आली तसं गाणं थांबलं. आत्याने उतरताच सगळं एका दमात सांगून टाकलं.

उर्वशीवहिनीची मोठी माय, म्हणजे थोरली चुलती, केसरबाई, तिथे रीतीभातीचं पाहत होती. तिने गाडीला एक चक्कर मारली आणि मला विचारलं की ही कोरी घेतली होती काय. मी खरं सांगितलं, दादा तिसरा मालक. बायांमध्ये कुजबुज झाली. दोन घरं करून आलेलीला उष्टी हळद लागते की नाही, यावर मांडवात दोन पक्ष पडले. दोन्हींकडे मुद्दे चांगले होते. मी ऐकत असताना मला गाडीची थोडी दया आली.

तेवढ्यात वहिनी बाहेर आली. पिवळी साडी, चेहरा कोरा. तिने गाडीकडे पाहिलं, रिकाम्या गडव्याकडे पाहिलं, आणि दादाला फोन लावला. स्पीकरवर.

दादा म्हणाला, "पोचली काय? गरम तर नाई झाली?"

सगळ्या मांडवाने ऐकलं.

"कोण? मी?" वहिनीने विचारलं.

पलीकडे बराच वेळ नुसता बँड वाजत राहिला.

"तुमची हळद तिले लागली," वहिनी म्हणाली. "मले माही पाह्यजे. तुमच्या अंगावरची. तुम्ही घेऊन या."

केसरबाई मध्ये पडली. हळद लागलेला नवरदेव वेशीबाहेर निघत नसतो, जंगलात तर नाहीच. वहिनी म्हणाली, मंग त्यायनं ठरवावं. फोन ठेवून ती मांडवाच्या खांबाला टेकून बसली. बायांनी गाणं म्हटलं नाही, पण कोणी घरीही गेलं नाही. ऊन हळूहळू मांडवातून उतरत अंगणात गेलं.

दिवस कलताना दादा आला. मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा, हातात रीतीप्रमाणे नवरदेवाचा अडकित्ता. वाटेत एका वनरक्षकाने त्याला थांबवून ओळखपत्र मागितलं होतं. ओळखपत्रावरचा माणूस पिवळा नसल्याने थोडा वेळ गेला.

गाडी फाटकातच होती, बोनेट उघडं. हळदीचा उपाय संपत आला होता. खाली पिवळं डबकं साचत होतं. आत येण्याची वाट तिच्या अंगाला घासूनच होती. आत्याने माझा हात धरला.

दादा आला. त्याचा पाय डबक्यात पडला, पिवळं पाणी उडालं, आणि तो तसाच पुढे चालत वहिनीसमोर जाऊन उभा राहिला. हात अडकित्त्यावर घट्ट होते.

वहिनीने त्याला पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"टपकून राह्यली ती," ती म्हणाली. "पाहून या."

"टपकू द्या," दादा म्हणाला.

वहिनीने बोट पुढे केलं, त्याच्या कानामागची हळद घेतली, जिथे घाम पोचला नव्हता, आणि आपल्या गालाला लावली.