शिरीषाचं विद्यातीर्थ

वलगावजवळच्या आमच्या खेड्यात, मार्चच्या भर उन्हात, शाळेमागच्या शिरीषाखाली सारं गाव आ वासून उभं होतं. आभाळ कोरडं ठाक, तरी झाडातून टपटप थेंब पडत होते. थेंब जिभेवर पडला की लोक हात जोडत. मी मात्र तोंड घट्ट मिटून घेतलं.

"सरस्वतीचे आसू आहेत, माय!" झरताबाबा गडव्यात थेंब धरत ओरडला. "मागच्या साली पोरायचे मार्क काहून वाढले? या तीर्थानं! मेंदूची ब्याटरी फुल चार्ज!"

हा बुवा गावात उगवला या महिन्यात आणि श्रेय घेतो मागच्या निकालाचं! वर त्याच्या मांडवासाठी शाळेभोवतीचे निंब उद्या तोडायचे होते. सरपंच जानरावाने कुऱ्हाडीही आणल्या होत्या. त्याच निंबांच्या सावलीत प्रियदर्शनी मॅडम दहावीचा वर्ग घेत, कारण खोलीवरचे पत्रे तव्यासारखे तापत.

मॅडमनी शिडी लावली आणि शिरीषाच्या दोन डहाळ्या उतरवल्या. एक तशीच बरणीत घातली, दुसरी झटकून, पुसून दुसऱ्या बरणीत. पहिल्या बरणीच्या तळाशी थेंब साचू लागले. दुसरीपुढे बाबाने घसा बसेपर्यंत मंत्र म्हटले, पण ती कोरडीच.

मॅडमनी जानरावाच्या हाती भिंग दिलं. "पहिली डहाळी पाहा. वयखता का याईले?"

जानराव कापूसवाला. "हे तं तुडतुडे!"

"त्याईचेच भाऊबंद. रस पितेत अन् मांगून सोडतेत. कापसावर दिसले की फवारा घेऊन धावता, अन् इथं त्याईचं मूत लेकरायले पाजता?"

आधी झाडाखाली सगळ्यात पुढं उभी असलेली मैनाबाई थुंकली, मग सगळं गाव. त्या गडबडीत बाबा गडवा टाकून पसार झाला.

"मॅडम, मंग मार्क कायनं वाढले?" दहावीतल्या रागिणीनं विचारलं.

"पोरायनं अभ्यास केला, अन् तो पत्र्याखाली नाही, झाडाखाली केला. डोकं थंड असलं की त्यात काही शिरते."

तेवढ्यात जानरावाने कुऱ्हाड उचलली. "हे मुताचं झाडच तोडतो!"

सकाळी याच झाडाच्या पाया पडला होता हा माणूस! तुडतुड्यांपेक्षा मला त्याचीच जास्त किळस आली.

"झाडानं म्हटलं होतं का, मले देव म्हणा?" मॅडमनी विचारलं, आणि तिथंच खोडाला टेकून पुस्तक काढलं. रागिणी शेजारी बसली. मग सारा वर्ग बसला. जानरावाला कुऱ्हाड खाली ठेवावी लागली.

बाबांनो, पोरं हुशार व्हावीत असं वाटतं ना? मग शाळेभोवती झाडं लावा, आहेत ती जगवा. आणि झाडाखाली तोंड नका उघडू, पुस्तक उघडा.