शेवटची पाच मिनिटं

कोचनं बेंचकडे नुसतं बोट केलं आणि आप्पा खुर्चीवरून उठून उभे राहिले. तिकडे त्यांचा मुलगा अजून अंगातलं जॅकेट काढत होता, पण आप्पांच्या टाळ्या सुरूही झाल्या. पाठोपाठ सगळ्या स्टेडियमनं टाळ्या धरल्या. वरच्या रांगांतून शिट्ट्या आल्या, कोणीतरी "दादा! दादा!" असा गजर केला.

"बघितलंस?" आप्पा शेजारच्या घड्याळवाल्याला म्हणाले. "मी काय सांगत होतो? तुला वाटायचं, म्हातारा थापा मारतो."

"मी कधी म्हटलं तसं? खाली बस आता. मागच्यांना दिसत नाही."

"दिसेल की. सहा फूट सहा इंच आहे तो."

आणि एवढ्या उंच माणसाला आप्पा बाब्या म्हणायचे. बाब्याची पस्तिशी उलटली होती, कानांवरचे केस पांढरे व्हायला लागले होते, पण बापाच्या तोंडातला बाब्या काही गेला नाही. घड्याळवाल्याचं दुकान आप्पांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानाला लागूनच. इतक्या वर्षांच्या शेजारात तो एकदाही बास्केटबॉलच्या सामन्याला आला नव्हता. आज रविवार, दुकानं बंद, म्हणून आप्पांनी त्याला अक्षरशः हाताला धरून आणलं होतं.

त्याचं असं झालं होतं. गेल्या वर्षी मालकांनी संघातले सगळे नावाजलेले खेळाडू सोडून दिले आणि कोवळी पोरं भरली. संघ नव्यानं उभा करायचा होता म्हणे. जुन्यातला एकटा बाब्या तेवढा ठेवला. पोरं त्याला दादा म्हणायला लागली. सुरुवातीला तो सामनाभर नुसता बसून असायचा, पोरांना पाण्याच्या बाटल्या पुढे करायचा, आणि आप्पांना ते बघवायचं नाही. मग हिवाळा लागला आणि नशीब पालटलं. सामना अटीतटीला आला, की शेवटच्या पाच मिनिटांत कोच नेमकं बाब्यालाच उतरवायला लागला.

"अनुभव हो, अनुभव!" कपडे न्यायला आलेल्या प्रत्येकाला आप्पा ऐकवायचे. "पोरं काय, चार उड्या मारतील. पण वेळ आली की घरातलं मोठं माणूसच लागतं." गिऱ्हाईक मान डोलवायचं. ज्याला घाई असेल त्याचा कोट आप्पा मुद्दाम मागच्या दांडीवर अडकवून ठेवतात आणि शोधायला वेळ लावतात, असं घड्याळवाला म्हणायचा. ते अगदीच खोटं नव्हतं.

संघ हरायचा, ती गोष्ट वेगळी. ते खापर आप्पा पोरांच्या डोक्यावर फोडायचे. एकानं पास नीट दिला नाही, दुसरा झोपला होता, तिसऱ्याला खेळाची अक्कलच नाही. "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं," एवढं म्हणून घड्याळवाला आपल्या दुकानात निघून जायचा.

आज संघ चार गुणांनी पुढे होता. ज्या पोरानं हे चार गुण मिळवून दिले होते, ते एकोणीस वर्षांचं पोर धापा टाकत बाहेर आलं, बेंचवर बसलं आणि त्यानं तोंडावर टॉवेल ओढून घेतला. त्याच्या जागी बाब्या संथपणे कोर्टवर गेला. जाता जाता त्यानं त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. आप्पांच्या पलीकडच्या खुर्चीत एक टोपीवाला तरुण बसला होता. इतका वेळ तो नखं खात होता, तो आता पाय पसरून मागे रेलला.

"हुश्श," तो म्हणाला. "आता चिंता नाही."

आप्पांना त्याला मिठी मारावीशी वाटली. "तुम्हालाही तसंच वाटतं ना? मी मघापासून याला तेच सांगतोय."

"मग काय! म्हटलं आज पोरं जिंकूनच ठेवतायत की काय. दादा उतरला, सुटलो बाबा."

"सुटलो म्हणजे?"

"म्हणजे आता हरणार आपण. नक्की."

आप्पा हसले. थट्टा वाटली त्यांना. पण तरुण हसत नव्हता, त्याची नजर कोर्टवर होती.

"काका, तुम्ही फारसे येत नाही वाटतं सामन्यांना," तो म्हणाला, आणि मोठ्या आपुलकीनं समजावून सांगायला लागला. "असं आहे बघा. जो संघ यादीत सगळ्यात खाली, त्याला पुढच्या वर्षीच्या नव्या खेळाडूंमधून पहिली निवड मिळते. यंदा एक पोरगा असा आहे, की तो आपल्याला मिळाला तर पुढची दहा वर्षं बघायला नको. म्हणून यंदा हरायचं. आता पोरांना हरा म्हणून सांगता येतं का? ती जीव तोडून खेळतात. मग सामना हाताशी आला की कोच त्यांना काढतो आणि दादाला घालतो. त्याचे गुडघे गेलेत बिचाऱ्याचे. समोरचा कोणीही त्याला सहज ओलांडून जातो. बघा, गेला!"

कोर्टवर समोरच्या संघातला एक चपळ पोरगा बाब्याच्या डाव्या बाजूनं सुर्रकन निघून गेला. बाब्या वळेपर्यंत बॉल जाळीतून खाली आला होता. स्टेडियममध्ये पुन्हा टाळ्या झाल्या. आपल्याच लोकांच्या टाळ्या होत्या.

आप्पा अजून उभेच होते. त्यांचे हात टाळी वाजवायच्या बेतानं समोरासमोर आलेले होते, ते तसेच राहिले. मग ते हळूच खाली बसले.

"टाळ्या... टाळ्या कशाला वाजवतात मग?" त्यांनी विचारलं.

"त्याच्यासाठीच तर. इतक्या इमानानं हरवून देणारा माणूस मिळतो का कुठे?" तरुणानं हे चेष्टेनं म्हटलं नाही. त्याला खरंच कौतुक होतं. मग त्याचं आप्पांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. "काय झालं काका? तुमचं कोणी आहे का संघात?"

"नाही," आप्पा म्हणाले. "कोणी नाही. असाच आलो होतो."

शब्द तोंडातून गेले आणि आप्पांना वाटलं, आपली जीभ झडून का नाही पडली. दुसऱ्या बाजूला घड्याळवाल्यानं चष्मा काढला आणि स्वच्छ असलेली काच शर्टाच्या टोकानं पुसत बसला. त्यानं ऐकलं होतं. न ऐकायला तो काही बहिरा नव्हता.

पुढची चार मिनिटं आप्पांनी काय बघितलं, ते त्यांना सांगता आलं नसतं. एवढंच आठवत होतं, की एकदा खेळ थांबला असताना बाब्यानं कमरेवर हात ठेवले आणि मान वर करून त्यांच्या रांगेकडे पाहिलं. दर सामन्यात तो असं पाहायचा आणि आप्पा दोन्ही हात हलवायचे. आज बापानं काय करावं? आप्पा खाली वाकले आणि बुटाची नाडी बांधायला लागले. त्या बुटांना नाडीच नव्हती. बाब्याची नजर फिरली असेल अशा अंदाजानं आप्पांनी डोकं वर काढलं, तेव्हा खेळ पुन्हा सुरू झाला होता.

संघ तीन गुणांनी हरला. लोक मजेत उठले. टोपीवाल्यानं निरोप घेताना आप्पांच्या खांद्यावर थाप मारली. "पुढच्या वर्षी या काका, बघा कसला संघ होतोय आपला."

बाहेर चांगलं ऊन होतं. फाटकापाशी गर्दी पातळ होईपर्यंत दोघं म्हातारे भिंतीला टेकून उभे राहिले.

"तुला ठाऊक होतं?" आप्पांनी विचारलं.

"सगळ्या बाजाराला ठाऊक आहे."

"माझ्या गिऱ्हाइकांना?"

"त्यांनाही."

आप्पांना ती मान डोलवणारी तोंडं एकेक करून दिसायला लागली. शाळेतल्या बाई, त्यांनी तर गेल्या आठवड्यात "हो ना, अनुभवाला पर्याय नाही" असंसुद्धा म्हटलं होतं. बँकेतला तो तरुण कॅशियर गालातल्या गालात हसून कोट घेऊन गेला होता, ते आप्पांना कौतुकाचं हसू वाटलं होतं. धरणीनं पोटात घ्यावं असं माणसं का म्हणतात, ते त्यांना आज कळलं.

"मग बोलला का नाहीस मला?"

"कसं बोलू? तू किती खुशीत असायचास. म्हटलं, झाकली मूठ राहू दे." घड्याळवाल्यानं घसा खाकरला. "ते सोड. लोकांचं काय, लोक हसतात आणि विसरतात. पण मघाशी तू त्या टोपीवाल्याला जे बोललास ना, ते बोलायला नको होतं."

आप्पांनी मान खाली घातली.

"मी बसनं जातो," घड्याळवाला म्हणाला. "तू पोराला भेटल्याशिवाय येऊ नकोस."

खेळाडूंच्या गाड्या मागच्या अंगाला लागायच्या. सामन्यानंतर आप्पांनी तिथं थांबायचं आणि बाब्यानं त्यांना घरी सोडायचं, हा नेम होता. आज त्यांना वाटलं, आपणही बस पकडावी आणि प्रकृतीचं काहीतरी कारण सांगावं. पण पाय नेमानं तिकडेच वळले.

बाब्या लंगडतच बाहेर आला. सोबत ते एकोणीस वर्षांचं पोर होतं. त्याचे डोळे लाल होते. गाड्यांमधून आप्पांना त्या दोघांचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"चेहरा पाडू नकोस," बाब्या त्याला सांगत होता. "तू बाहेर आलास तेव्हा आपण पुढे होतो की नाही?"

"होतो."

"मग? हरलो ते मी. तू नाही हरलास. हे डोक्यात पक्कं ठेव आणि जाऊन झोप. सकाळी उशीर केलास तर बघ."

पोर निघून गेलं. बाब्यानं आप्पांना पाहिलं, बॅग मागे टाकली आणि त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडलं. मग स्वतः बसला, एका हातानं उजवा पाय उचलून आत घेतला. गाडी मात्र सुरू केली नाही.

"आज शेवटी उभे नव्हता तुम्ही," तो म्हणाला.

"पायात गोळा आला होता."

"हं. एका परीनं बरं झालं."

आप्पा समोरच्या काचेकडे बघत राहिले.

"आप्पा, एक सांगू? राग मानायचा नाही."

"सांग."

"उरलेले सामने तुम्ही घरीच टीव्हीवर बघा."

"लाज वाटते माझी?" आप्पांच्या तोंडून निघून गेलं.

"तुमची? काहीतरीच काय बोलता!" बाब्या वळून बसला. "मला शेवटी का उतरवतात, ते कधी ना कधी तुमच्या कानावर येणारच होतं. आलं असेल."

आप्पांनी सीटचा पट्टा ओढून लावला.

"कोचनं मला विचारूनच केलं. कोणीतरी एक लागणारच होता. या पोरांपैकी कोणाच्या गळ्यात हे घातलं असतं, तर एवढ्या वयात त्याच्या मनानं घेतलं असतं, की आपली लायकी हरायचीच. उभा जन्म जात नाही ते मनातून. माझं काय, माझं खेळून झालंय. म्हटलं, मी आहे. आणि मुद्दाम काही करावंही लागत नाही हो. गुडघे बघून घेतात सगळं." तो एकटाच हसला. मग स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला. "फक्त तुम्ही उभे राहिलात की घोटाळा होतो. एवढ्या गर्दीत तुमच्या टाळ्या वेगळ्या कळतात मला. मग गुडघ्यांचं भान राहत नाही. जिंकावंसं वाटतं. गेल्या महिन्यात ते दोन बास्केट झाले ना माझ्या हातून, ते तुमच्यापायी झाले."

ते दोन बास्केट आप्पांनी आठवडाभर बाजाराला ऐकवले होते. आत्ता आप्पा मनात म्हणत होते, बोल, आत्ता बोललास तर बोललास. पोरानं एवढं उघडं करून सांगितलं, तुला तोंड नाही का?

"बाब्या," ते म्हणाले. "आज शेजारी एक माणूस बसला होता. टोपीवाला. तो मला विचारत होता, संघात तुमचं कोणी आहे का म्हणून."

बाब्या खदाखदा हसायला लागला. मघासारखं नाही, अगदी मनापासून हसला. त्यानं किल्ली फिरवली.

"मेला बिचारा!" तो म्हणाला. "सामना संपेपर्यंत सोडलं नसेल तुम्ही त्याला."

गाडी फाटकाबाहेर आली. रस्त्याच्या कडेनं अजून लोक चालले होते. त्यांतल्या एका पोरानं गाडी ओळखली आणि "दादा!" म्हणून हात केला. बाब्यानंही हात केला.

"नाही सोडलं," आप्पा म्हणाले.